अटॅचमेंट उघडण्याआधी फाइलच्या नावाचं शेपूट बघा

मे 2000 मध्ये जगभरातल्या इनबॉक्समध्ये एक मेल येऊन पडला. विषय 'आय लव्ह यू', सोबत 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' ही फाइल. विंडोज ओळखीच्या प्रकारांचं एक्सटेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारं नावाचं शेपूट, लपवते, त्यामुळे अनेकांना नाव दिसलं ते 'टीएक्सटी'पर्यंतच. साधा मजकूर असेल समजून त्यांनी डबल-क्लिक केलं आणि चालू झाला प्रोग्रॅम. त्याने आउटलुक या मेल प्रोग्रॅमच्या अॅड्रेस बुकमधल्या प्रत्येकाला तोच मेल धाडला, शिवाय डिस्कवरचे फोटो पुसून त्या जागी स्वतःच्या प्रती ठेवल्या.

ईमेल वर्म, म्हणजे मेलमधून स्वतःच्या प्रती पसरवणारा घातक प्रोग्रॅम, पसरतो तो असा. मेल नुसता येऊन पडल्याने सहसा काही होत नाही, फाइल उघडली की होतं. आणि पुढचा मेल आपल्याच नावाने जातो. म्हणूनच 'ओळखीच्याचा मेल आहे, उघडायला हरकत नाही' हा हिशेब इथे साफ चुकतो.

आधी एक सेटिंग बदला. विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, 'व्ह्यू'मधल्या 'शो'वर जा आणि 'फाइल नेम एक्सटेन्शन्स'वर खूण करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आजच करा.

आता फाइलचं नाव शेवटापासून वाचा. महत्त्वाचं ते शेवटच्या टिंबानंतरचं. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' हे बिल नाही, प्रोग्रॅम आहे, चिन्ह पीडीएफचं दिसत असलं तरी. कधी मधे भरपूर मोकळी जागा सोडून शेपूट नजरेआड ढकललेलं असतं. ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस, बॅट, एलएनके यांपैकी काही मेलमधून आलं तर उघडूच नका.

झिप फाइल आणि तिचा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असेल तर थांबा. 2004 च्या 'बेगल' वर्मने हेच केलं होतं. कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही.

वर्ड किंवा एक्सेलची फाइल 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगत असेल तर दाबू नका. त्यामागे मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेला छोटा प्रोग्रॅम, असतो. 1999 चा 'मेलिसा' व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पहिल्या 50 पत्त्यांवर गेला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने 2022 पासून आपणहून अडवायला सुरुवात केली. ती अडवणूक कशी काढायची हे मेलच शिकवू लागला, तर तो मेल खोटा धरा.

शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. त्याच मेलला उत्तर देऊन विचारू नका. खातं दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर 'हो, मीच पाठवलंय' असं उत्तर तोच देईल.

आणि उघडलीच असेल तर? लगेच वाय-फाय बंद करा, केबल असेल तर उपटा, म्हणजे पुढचे मेल जायचे थांबतील. पेन ड्राइव्ह लावू नका. ज्यांना आपल्या नावाने मेल गेला असेल त्यांना फोनवर कळवा. संकोचापायी हे राहून जातं आणि वर्मला तेवढाच वेळ हवा असतो. मग 'विंडोज सिक्युरिटी'तल्या स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन सुमारे 15 मिनिटं तपासणी चालते. मेलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला, आणि तिथेच सेटिंगमध्ये आपले मेल परस्पर कुठे फॉरवर्ड होत नाहीत ना, तेही पाहून घ्या.