आयनिक समीकरणं लिहिताना या चुका टाळा

बारावीच्या वह्या तपासताना एक ओळ मला वर्षानुवर्षं दिसते:

कॉपर + सिल्व्हर(१+) → कॉपर(२+) + सिल्व्हर

अणू दोन्हीकडे सारखे, म्हणून मुलं खाली रेघ मारून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. चार्ज (कंसातला आकडा) मात्र डावीकडे अधिक १ आणि उजवीकडे अधिक २. कॉपर दोन इलेक्ट्रॉन सोडतं, सिल्व्हरचा आयन (चार्ज असलेला अणू किंवा गट म्हणजे आयन) एकच घेतो. मग दुसरा इलेक्ट्रॉन गेला कुठे? सिल्व्हरच्या आधी दोन्हीकडे २ हवेतच.

एकदा प्रॅक्टिकलला एका गटाने ०.१२७ ग्रॅम तांब्याची तार जास्तीच्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये रात्रभर ठेवली. तार विरघळली, द्रावण निळं झालं, तळाशी चांदी साचली. वरच्या समीकरणावरून त्यांचा हिशेब होता ०.२१६ ग्रॅम चांदीचा. काट्यावर भरली ०.४३. ‘मॅडम, ओली असेल.’ पुन्हा ओव्हनमध्ये ठेवली. पुन्हा ०.४३. तिसऱ्यांदा वाळवली, मग काट्यावरच संशय घेतला. अख्खा तास गेला, पण वही उघडून समीकरण कुणी पाहिलं नाही. आकडा दुप्पट येतोय, तर २ कुठे राहिला हे आधी शोधायला हवं होतं.

तेव्हापासून मी अणूंच्या आधी चार्ज मोजते. बाणाच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने बेरीज लिहायची; ती जुळेपर्यंत पेन उचलायचं नाही.

दुसरी चूक म्हणजे दिसेल ते फोडणं, म्हणजे सुट्या आयनांत लिहिणं. व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड पाण्यात विरघळतं खरं, पण ०.१ मोलर द्रावणात शंभरातले जेमतेम एक-दोन रेणू आयन देतात. ते अख्खंच लिहा. संगमरवरावर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलंत तर ॲसिड फोडा, कॅल्शियम कार्बोनेट नको. ते घन आहे.

बेरियम क्लोराइडमधून दोन सुटे क्लोराइड आयन निघतात, क्लोरिनचा रेणू नाही.

सल्फेट, नायट्रेट असे गट एकसंध ठेवा.

संतुलनासाठी सूत्रातला खालचा अंक बदलू नका, पदार्थच बदलतो.

आणि तो शॉर्टकट! आम्ल-आम्लारी दिसलं की ‘हायड्रोजन(१+) + हायड्रॉक्साइड(१−) → पाणी’ लिहून मोकळं व्हायचं. मला तो अजिबात मान्य नाही. आधी सगळे आयन मांडा, मग दोन्हीकडे जसेच्या तसे राहिलेले खोडा. सल्फ्युरिक ॲसिड आणि बेरियम हायड्रॉक्साइड घेऊन बघा. पाणी तयार होतं आणि बेरियम सल्फेटचा पांढरा अवक्षेपही बसतो:

बेरियम(२+) + २ हायड्रॉक्साइड(१−) + २ हायड्रोजन(१+) + सल्फेट(२−) → बेरियम सल्फेट + २ पाणी

इथे खोडायला एकही आयन उरत नाही.