दूरच्या रेडिओ केंद्रांची नोंदवही कशी ठेवावी

दोनशे पानी आखीव वही पुरते. रकाने: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, केंद्र, भाषा, ऐकलेला मजकूर, सिन्पो (केंद्र किती नीट ऐकू आलं याचे गुण), रेडिओ आणि अँटेना.

सर्वात जास्त चुका वेळेत होतात. नोंद यूटीसीतच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच करायची, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. त्यात तारीखही मागे सरकू शकते: ५ जानेवारीच्या पहाटे ४ वाजता लागलेलं केंद्र वहीत ४ जानेवारी, २२३० असं जातं. एक जुनं घड्याळ यूटीसीवर लावून रेडिओशेजारी ठेवलं की डोकेफोड संपते.

मीडियम वेव्हवर आशियातली केंद्रं ९ च्या पटीत असतात (५५८, ७९२, १०४४ किलोहर्ट्‌झ), अमेरिका खंडात १० च्या. डिजिटल रेडिओ ७९० वर थांबत असेल तर त्याची ९/१० ची सेटिंग तपासा. शॉर्टवेव्हवर बहुतेक केंद्रं ५ च्या पटीत सापडतात. पण ८७८० सारख्या, प्रसारणाच्या नेहमीच्या पट्ट्यांबाहेरच्या जागी एखादं केंद्र खणखणीत लागलं तर हुरळून जाऊ नका. साधा रेडिओ आलेला सिग्नल आतल्या आत ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती ४५५ किलोहर्ट्‌झ असते, त्यामुळे तिच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्‌झने वर असलेलं केंद्र खाली भूत होऊन दिसतं. आधी ९६९० लावून बघा.

सिन्पोचे पाच आकडे म्हणजे सिग्नलची ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण दर्जा. ५ उत्तम, १ वाईट. खरखरीला २ देऊन एकूण दर्जाला ४ दिलेत तर नोंद विश्वासार्ह राहत नाही. खरखर घरचीच असेल तर एलईडी दिवे आणि चार्जर बंद करून पुन्हा ऐका.

मजकुराच्या रकान्यात नुसतं ‘गाणी, बातम्या’ लिहून काही साधत नाही. ‘१४०२ पुरुष निवेदक, तांदळाच्या भावाची बातमी, १४०६ बासरी’ असं मिनिटासकट लिहा. भाषा कळत नसेल तर कानावर पडलेली गावांची, माणसांची नावंही चालतात. केंद्र आपलं नाव बहुधा तासाच्या ठोक्याला सांगतं, म्हणून पाच मिनिटं आधीच तिथे थांबा. नाव ऐकू आलं नाही तर केंद्रापुढे प्रश्नचिन्ह टाका. वेळापत्रकात बघून नाव भरणं ही या छंदातली सर्वांत मोठी लबाडी. शिवाय आंतरराष्ट्रीय केंद्रांची वेळापत्रकं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेव्हा जुना कागद हमखास फसवतो.

क्यूएसएल कार्ड, म्हणजे ‘तुम्ही आमचंच केंद्र ऐकलंत’ असं केंद्राने पाठवलेलं पोचपत्र, मागवायचं असेल तर किमान २० मिनिटांचा असा तपशील पाठवा आणि पाठवल्याची तारीख त्याच ओळीत लाल शाईने लिहा.