मिरचीचा स्प्रे नाकात मारताय? या चुका टाळा

नाक चोंदलं की अमेरिकेतल्या भाच्याकडून मिरचीचा स्प्रे मागवणारे लोक आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आता नेहमी भेटतात. कसा मारायचा हे मात्र ते मारून झाल्यावर विचारतात. डोळे लाल, रुमाल ओला आणि तक्रार ठरलेली: "नाक पेटलं हो!"

औषध म्हणून हा प्रकार अगदीच बिनबुडाचा नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन नाकातल्या बारीक मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही१ या ग्राहीला, म्हणजे आग आणि तिखट ओळखणाऱ्या प्रथिनाला, चेतवतं. हा ग्राही १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. आधी आग होते, पाणी सुटतं, मोकळं वाटतं. वारंवार वापरलं की ते तंतू थकतात, आणि ऊठसूट नाक गळण्या-चोंदण्याची सवय कमी होते. झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ४ अभ्यास आणि ३०२ रुग्ण होते. ॲलर्जी नसलेल्या सर्दीत फायदा दिसला, पण पुरावा फार भक्कम नव्हता. गाजरगवताच्या ॲलर्जीने शिंकणाऱ्यांनी त्यावरून आपला हिशेब लावू नये, त्यांचा आजार वेगळा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरी स्प्रे बनवणं. याचा मला मनापासून राग आहे, कारण दरवर्षी कुणीतरी तेच करतं.

कॉट बेसिसवर राहणारा एक मुलगा पावसाळ्यात दुकानात आला. लवंगी मिरच्या पाण्यात उकळून, रुमालातून गाळून त्याने ते पाणी नाकाच्या थेंबांच्या रिकाम्या बाटलीत भरलं होतं. पहिल्या फवाऱ्याला काही झालं नाही, म्हणून लगेच आणखी दोन मारले, तेही मान मागे टाकून. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, ते तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्यामुळे बाटलीत तिखट सारखं पसरत नाही. एखादा फवारा नुसत्या पाण्याचा येतो, पुढचा सगळा जाळ घेऊन येतो. त्यात मान मागे, म्हणजे सगळं घशात. पोराला धड बोलता येत नव्हतं, ठसका थांबत नव्हता, एका नाकपुडीतून रक्ताची रेघ आली होती. गार पाण्याने तो नाक धूत होता आणि आई फोनवर सांगत होती, "साजूक तूप ओढ नाकात."

तूप जोरात वर ओढून फुप्फुसात गेलं तर वेगळाच न्यूमोनिया होतो. त्याला पुढे वाकवून बसवलं, तोंडाने श्वास घ्यायला लावला, रक्त थांबेपर्यंत नाकाचा मऊ भाग दाबून धरायला सांगितला आणि तिथून सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. नुसती आग झाली असेल तर मी सलाइनने हलकेच धुवायला सांगतो. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. मेंदूत शिरणारा अमीबा याच वाटेने जातो.

दुसरी चूक मला याहूनही सतावते, कारण ती दिसत नाही. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब लोक महिनोन्‌महिने घालतात. "त्याशिवाय झोपच लागत नाही हो," हे वाक्य मी रोज ऐकतो. हे थेंब रक्तवाहिन्या आवळतात. तीन ते पाच दिवसांपलीकडे गेलात की असर उतरल्यावर आतलं अस्तर उलट जास्त सुजतं, म्हणून पुन्हा थेंब, पुन्हा सूज. अशा नाकावर लोक वरून मिरचीचा स्प्रे मारतात आणि चार दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणतात. कसा होईल? नाक थेंबांनीच बंद केलंय. मी आधी एका नाकपुडीचे थेंब बंद करायला सांगतो. ती मोकळी झाली की दुसरी. सोबत डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइड स्प्रे. पहिले काही दिवस जड जातात, आणि तेवढा धीर धरायला कुणी तयार नसतं. एका रात्रीत मोकळं नाक मागणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

आता बाकीच्या चुका, भराभर.

आधी नाक न शिंकरता मारणं. शेंबडावर पडलेलं औषध शेंबडाबरोबर बाहेर येतं.

नाकातल्या मधल्या पडद्यावर नेम धरणं. डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजवीला डावा, नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला. मान किंचित खाली.

मारताना श्वास ओढणं. खोकला किती चटकन उसळतो हे तपासायला प्रयोगशाळेत कॅप्सेसिनच हुंगवतात. म्हणून श्वास रोखा आणि मारा. दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आग कमी लागायला लागली की "स्प्रे शिळा झाला" म्हणून फवारे वाढवणं. तंतू थकले की आग कमीच लागते. प्रमाण तेवढंच ठेवा.

"अभ्यासात एका दिवसात पाच वेळा देतात" असं कुठेतरी वाचून तसंच करणं. तिथे आधी नाक बधिर करतात आणि डॉक्टर समोर असतात.

पहिला फवारा ऑफिसला निघताना, स्कूटरवर बसण्याआधी मारणं. डोळ्यांतून धारा लागतात. सुट्टीच्या दिवशी घरी, एकाच नाकपुडीत, एकच फवारा.

हात न धुता लेन्स लावणं. लहान मुलांना देणं. याबद्दल मी चर्चाच करत नाही.

आणि नाक का चोंदलंय हे न बघता कुठलाही स्प्रे विकत घेणं. पडदा वाकडा असेल किंवा आत मांस वाढलं असेल तर मिरची ते सरळ करणार नाही. सर्दी दहा दिवसांपुढे गेली, बरी वाटून पुन्हा उलटली, एकाच बाजूने रक्त येतंय, डोळ्याभोवती सूज आहे, दुहेरी दिसतंय, तर दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्यांनी तर गाल दुखला, बधिर झाला किंवा नाकातून काळपट खपली आली की त्याच दिवशी. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, किती झपाट्याने डोळ्यापर्यंत जातो ते २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिलंय.