पंपाला हात लावण्याआधी

जुन्या गाडीच्या मागच्या सीटखालून, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणाऱ्या पंपाकडून, घरघर येतेय आणि सुट्टीचा दिवस मोकळा आहे, एवढं जुळलं की हात लगेच पान्यांकडे जातात. मी तरी सांगेन की पहिली तयारी वहीची करा. दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा आणि आवाज कधी येतो ते लिहून ठेवा: सकाळी थंड असताना की तासभर चालवल्यावर, टाकी भरलेली असताना की काटा तळाला टेकल्यावर, आणि सूर कशाबरोबर बदलतो. इंजेक्शनच्या (दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) जुन्या गाड्यांमधला विजेवरचा पंप बहुतेक एकाच वेगाने फिरतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला तरी त्याचा सूर फारसा हलत नाही. आवाज गाडीच्या वेगाबरोबर चढत असेल, तर आधी चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या.

आपल्या गाडीत कोणता पंप आहे, हेही आधीच बघून ठेवा. कार्ब्युरेटरच्या गाडीत, म्हणजे इंजेक्शनआधीच्या पद्धतीच्या, बहुधा इंजिनच्या कुशीला बसवलेला मेकॅनिकल पंप असतो. इंजिनमधला फिरता दांडा, कॅमशाफ्ट, त्याचा लिव्हर हलवतो, म्हणून तो बिघडला की टकटक करतो आणि ती टकटक इंजिनच्या गतीबरोबर वाढते. त्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं, तेव्हा ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढून वास घ्यायला विसरू नका. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत बुडालेला असतो किंवा टाकीजवळ गाडीच्या पोटाखाली रबरी बुशांवर टांगलेला असतो. ती रबरं वर्षानुवर्षांनी दगडासारखी होतात आणि धडधाकट पंपाचाही आवाज थेट पत्र्यात उतरतो. काही गाड्यांत दोन पंप असतात, टाकीतला छोटा आणि खालचा मोठा. छोटा निकामी झाला की ओरडतो मात्र मोठा, आणि बिचारा मोठाच बदलला जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ओरडणारा पंप बहुतेक वेळा उपाशी असतो. त्याच्या तोंडाशी पेट्रोल पुरेसं पोचलं नाही की तिथला दाब पडतो, पेट्रोलची वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि ते आत फुटतात. साध्या गुणगुणीऐवजी वाळू चाळल्यासारखी खरखर येते ती त्यामुळे. जुन्या गाड्यांत न वापरलेलं पेट्रोल इंजिनकडून गरम होऊन टाकीत परत येतं. टाकीत थोडंच असेल तर ते लवकर तापतं, आणि तापलेल्या पेट्रोलची वाफ सहज होते. शिवाय टाकीतला पंप थंड राहतो आणि वंगण मिळवतो तो याच पेट्रोलमुळे. म्हणून ऐकायला बसण्याआधी टाकी अर्धी तरी भरा. एवढ्यानेच आवाज बसला, तर वहीत ती नोंद ठळक करा.

ऐकायला जोडीला एक माणूस हवा. त्याला सेल न मारता नुसती चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही टाकीच्या तोंडाशी कान न्या. साधारण दोन सेकंद सलग गुणगुण येऊन थांबली, तर ते पंपाचं रोजचं काम आहे, त्यात काही बिघाड नाही. आता गाडी चालवून आणा आणि घरघर चालू असतानाच टाकीचं झाकण उघडा. हवा जोरात आत ओढली गेली आणि आवाज निवळला, तर टाकीला श्वास घेता येत नाहीये. अशा वेळी पंप सोडा, टाकीच्या हवेची नळी आणि पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा, चारकोल कॅनिस्टर, तपासा.

मल्टीमीटर हाताशी असू द्या आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर मोजलेला व्होल्टेज बॅटरीच्या टोकांवरच्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसला, तर बहुधा वायर, रिले (पंपाचा विजेवरचा स्विच) किंवा अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली तार) यांत गंज आहे. अर्थची तार आधी बघा. पेट्रोलचा दाब मोजणारा प्रेशर गेजही आणून ठेवा. बऱ्याच जुन्या इंजेक्शन गाड्यांत दाब अडीच ते साडेतीन बारच्या आसपास असतो, पण नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. पेट्रोलचा फिल्टर कधी बदलला ते आठवत नसेल, तर तो बदलूनच पुढे जा.

इथपर्यंत येऊनही संशय पंपावरच राहिला, तर टाकी उघडायची तयारी वेगळी. आता पेट्रोल कमी हवं, पाव टाकी किंवा त्याहून कमी. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. काम उघड्यावर करा, खड्ड्यात उतरून कधीच नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचून राहते. तारेचा बल्ब नको, एलईडी टॉर्च घ्या. ड्राय पावडरचं अग्निशामक हात पोचेल इतक्या जवळ ठेवा. चष्मा आणि हातमोजे घाला. याबाबतीत घाई करणाऱ्याबरोबर मी कामाला बसत नाही.

सामान आधी आणा, टाकी नंतर उघडा: पंपाच्या तोंडावरची नवी जाळी, टाकीवर पंप जिथून निघतो त्या झाकणाची सील, क्लिपा आणि टाकीतला नळीचा छोटा तुकडा. हा तुकडा पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठीच बनवलेला असला पाहिजे. साधी फ्युएल नळी बाहेरून पेट्रोल सहन करत नाही, ती मऊ पडून फाटते आणि दाब तिथेच सुटतो. पंपाच्या त्या झाकणावर धुळीचा थर असतो, तो ब्रशने आणि ओल्या फडक्याने आधी काढा, नाहीतर तो सगळा टाकीत पडेल.

जाळीबद्दल आग्रहाने सांगतो. मी एकदा पंप नवा घातला आणि जाळी स्वच्छ दिसली म्हणून जुनीच ठेवली. आठवड्यात तीच घरघर परत. मग ती जाळी उजेडासमोर धरली, तेव्हा विणीच्या घरांत गंजाची पिठासारखी तपकिरी पूड ठासलेली दिसली. मधल्या भागातून उजेडच येत नव्हता. गंज टाकीच्या तळाला होता. टाकी काढून धुतली, नवी जाळी लावली आणि घरघर थांबली. तेव्हापासून पंप बाहेर काढला की टॉर्च मारून तळ बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

सगळं परत बसवल्यावर फ्यूज आणि बॅटरी जोडा, पण लगेच सेल मारू नका. तीन-चार वेळा नुसती चावी फिरवून दाब भरू द्या आणि प्रत्येक वेळी जोडांवरून कोरडं बोट फिरवा. ओल लागली तर चावी काढा, बॅटरी सोडवा आणि तो जोड पुन्हा बसवा.