देवमासा मासा आहे का? मुलांना माहितीपर लेखन कसे शिकवावे

गोष्टीचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचावे लागते, माहितीचे पुस्तक मात्र हव्या त्या प्रश्नापासून उघडता येते. म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती ते देण्याआधी त्याच्या मनात एखादा खरा प्रश्न जागा होणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बडोद्यात त्यासाठी लांब जावे लागत नाही. कमाटीबागेत सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या आणि १८९४ मध्ये खुल्या झालेल्या संग्रहालयात देवमाशाचा ७० फुटांहून लांब सांगाडा आहे. तेथे गेल्यावर लगेच माहिती सांगू नये, पाटीही वाचून दाखवू नये. आधी मुलाला सांगाड्याच्या कडेने चालू द्यावे.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून एका बाजूला ‘मी पाहिले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मी वाचले’ असे लिहावे. माझ्याकडच्या एका मुलीने पहिल्या बाजूला ‘देवमासा खूप मोठा आहे’ असे लिहिले होते. ‘केवढा?’ एवढेच मी विचारले. तिने पुन्हा चालून ते वाक्य खोडले आणि लिहिले, ‘माझी चव्वेचाळीस पावले.’ त्याखाली तिने आपणहून भर घातली, ‘याला बोटांसारखी हाडे आहेत, मग हा मासा कसा?’

आता पुस्तक उघडावे. अनुक्रमणिकेत कोणते प्रकरण उपयोगी पडेल हे मुलालाच शोधू द्यावे, चित्राखालची ओळ आधी वाचून घ्यावी आणि देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, हे सापडले की पुस्तक मिटून ते त्याच्याच शब्दांत बोलून घ्यावे. ही पायरी कधीही गाळू नये, कारण पुस्तक उघडे राहिले की मूल ‘सस्तन प्राणी’ हे शब्द जसेच्या तसे उतरवते आणि त्यांचा अर्थ मात्र त्याला सांगता येत नाही.

गुजराती लिपीत शिरोरेषा नसते, म्हणून गुजराती माध्यमातील आपली मुले मराठी लिहिताना ती विसरतात. पहिल्या खर्ड्यात त्यांना त्यासाठी मुळीच अडवू नये, शिरोरेषा पक्क्या प्रतीत द्यावी.

पक्की प्रत आजीला वाचून दाखवावी. आजीने ‘अगं, पण हा खातो काय?’ असे विचारले, तर तो प्रश्न पानाच्या तळाशी लिहून ठेवावा आणि पुढच्या वेळी पुस्तक तेथूनच उघडावे.