ॲरिझोनात कुत्रा घेऊन राहायला येताय? मग हे वाचाच

कुत्रा 3 महिन्यांचा झाला की रेबीजची लस आणि काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) कुत्र्याचं लायसन्स, हे आधी उरकून टाका. उन्हाळ्यात पहाटेच फिरवा, निघताना डांबराला हाताची मागची बाजू टेकवा, 7 सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजे भाजणारच, मुकं जनावर सांगणार कुठून?

अंगणात डुकरासारखी जॅव्हेलिना आली तर लाड करून खायला घालू नका, फिनिक्स आणि टुसॉनच्या काउंटीत रानातल्या प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे, पक्षी आणि झाडावरच्या खारी सोडून.

वाळवंटी कासव दिसलं तर प्लीज लांबूनच बघा, ते मूत्राशयात पाणी साठवून ठेवतं, उचललं की घाबरून सगळं सोडून देतं आणि मग पाण्यावाचून मरू पण शकतं. रस्त्याच्या मधोमधच असेल तर हळूच, आडवं धरून, ते जात होतं त्याच बाजूला ठेवा. पाळायचंच असेल तर ॲरिझोनाच्या गेम अँड फिश (म्हणजे वन्यजीव) खात्याच्या दत्तक योजनेतून घ्या, रानातलं उचलून आणायचं नाही आणि पाळलेलं रानात सोडायचंही नाही.

गावाबाहेर रात्री गाडी हळू चालवा, तिथे बराचसा भाग ओपन रेंज आहे, गायी मोकळ्याच फिरतात.