मांजराच्या पिसवा आणि गोचिडी : या चुका टाळा

मे महिन्याची सुटी संपल्यावर कुलूप लावलेले गावचे मूळ घर चवथीच्या आधी झाडलोटीसाठी उघडले, आणि आत दहा पावले टाकली नाहीत तोच पायांच्या घोट्यांना पिसवा चावू लागल्या, हा अनुभव गोव्यातल्या डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांतल्या अनेक कुटुंबांना आला असेल. तीन महिने घरात माणूस नव्हते, मांजर नव्हते, मग या पिसवा जगल्या कशावर, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की त्या पिसवा म्हणून जगतच नव्हत्या. त्या कोशात होत्या. जमिनीच्या भेगांत, चटईखाली, जुन्या गादीच्या शिवणीत हे कोश कित्येक महिने तग धरून राहतात आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब व श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागताच त्यांतून भुकेल्या पिसवा बाहेर पडतात.

मांजर पाळणाऱ्या माणसाने सर्वांत आधी ही एक गोष्ट समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते, कारण पिसवांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका ती ठाऊक नसल्यामुळेच होतात. मांजराच्या अंगावर जी पिसू दिसते, तिची मादी रोज साधारण ४० ते ५० अंडी घालते. ही अंडी केसांना चिकटून राहत नाहीत. मांजर जिथे निजते, उडी मारते, अंग झटकते, तिथे ती मिठाच्या कणांसारखी खाली सांडतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेडापासून पळतात आणि फटीतल्या धुळीत शिरून पिसवांच्या विष्ठेवर, म्हणजे वाळलेल्या रक्तावर, वाढतात. म्हणून एखाद्या घरातला पिसवांचा एकूण पसारा धरला, तर मांजराच्या अंगावर त्यातला अंदाजे ५ टक्के भाग असतो. उरलेला ९५ टक्के भाग अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपाने घरात असतो. सगळा राग मांजरावर काढून त्याला आठवड्याला दोनदा आंघोळ घालणाऱ्या घरातून पिसवा का जात नाहीत, हे आता वेगळे सांगायला नको.

औषध "लागू पडत नाही" म्हणून सोडून देणे

पशुवैद्याने दिलेले थेंब मानेवर घातले, दोन दिवस पिसवा दिसल्या नाहीत आणि पंधराव्या दिवशी पुन्हा दिसल्या, की औषध भेसळीचे होते असा निष्कर्ष काढून लोक दुसरे औषध आणतात, आणि काही वेळा पहिल्याचा अंमल संपलेला नसतानाच ते घालतात. प्रत्यक्षात पंधराव्या दिवशी दिसलेली पिसू त्याच सकाळी कोशातून बाहेर पडलेली असते. ती मांजरावर चढते आणि औषधाच्या प्रभावाने काही तासांत मरते. कोशावर घरात वापरण्याजोगे कोणतेही औषध फारसे चालत नाही, त्यामुळे साठलेले सगळे कोश फुटून रिकामे होईपर्यंत थांबण्यावाचून दुसरा मार्ग नाही. यासाठी सहसा तीन महिने लागतात, आणि या तीन महिन्यांत औषधाची एकही पाळी चुकता कामा नये. महिन्याने घालायचे औषध दीड महिन्याने घातले, तर मधल्या पंधरवड्यात नव्या माद्या अंडी घालून मोकळ्या होतात आणि आपण पुन्हा पहिल्या दिवसावर येतो.

घरातली सगळी जनावरे एकाच वेळी औषधाखाली आणावीत. तीन मांजरांपैकी जे खाजवते त्यालाच औषध घालणे, किंवा मांजराला घालून अंगणातल्या कुत्र्याला वगळणे, याचा उपयोग होत नाही, कारण मांजरावरची पिसू आणि कुत्र्यावरची पिसू ही बहुतेक वेळा एकाच जातीची असते. संध्याकाळी बलकांवाखाली, म्हणजे घरापुढच्या ओट्याखाली, भात-हुमण खायला येणारी भटकी मांजरेही या हिशेबात धरावी लागतात.

थंडीत किंवा उन्हाळ्यात पिसवा आपोआप जातील म्हणून औषध बंद करणे, ही चूक आपल्याकडे विशेष महागात पडते. थंड प्रदेशात कडक हिवाळा पिसवांची वाढ रोखतो. गोव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीही किनाऱ्यालगत पारा सहसा २० अंशांच्या फार खाली जात नाही, आणि पिसवांना २० ते ३० अंश तापमान व भरपूर दमटपणा सर्वाधिक मानवतो. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात पिसवांना सुटीचा हंगाम नाही. पावसाळ्यात अंड्यापासून पिसू तयार व्हायला तीन ते चार आठवडे पुरतात.

कुत्र्याचे औषध मांजराला घालणे

ही चूक जीव घेते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. आमच्या कुत्र्यासाठी आणलेल्या थेंबांची एक नळी शिल्लक होती. बाजारातल्या ज्या दुकानातून ती आणली होती, तिथे मी विचारले, तेव्हा "मांजराला अर्धी घाला, वजन कमी असते ना," असे उत्तर मिळाले आणि मी ते प्रमाण मानले. दुपारी थेंब घातले. दिवेलागणीच्या सुमारास मांजराच्या एका कानाची पाळी सारखी फडफडू लागली, आधी वाटले माशी बसत असेल. मग पाठीची कातडी लाटेसारखी थरथरू लागली, तोंडातून लाळ गळू लागली आणि उठून चालायला गेले तर मागचे पाय फाकत होते. पशुवैद्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नळीवर काय लिहिले आहे ते वाचा." त्या नळीवर पर्मेथ्रिन असे लिहिलेले होते. "आधी कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने मान धुऊन काढा, कोरड्या टॉवेलात गुंडाळा आणि लगेच घेऊन या," असे त्यांनी सांगितले. दोन दिवस सलाइन आणि झटके थांबवणारी औषधे दिल्यावर ते मांजर वाचले. उशीर झाला असता, तर वाचले नसते.

पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मोडून शरीराबाहेर टाकण्याची जी व्यवस्था कुत्र्याच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. पॅरासिटामॉलची साधी गोळी मांजराला जीवघेणी ठरते, त्यामागेही यकृताची हीच उणीव आहे. त्यामुळे "अर्धे घालू, पाव घालू" हा हिशेबच येथे लागू पडत नाही. सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन ही त्याच कुळातली रसायने आहेत. गुरांच्या गोचिडींसाठी पाण्यात मिसळून फवारायच्या औषधांत ती असतात, आणि मुंग्या-झुरळांसाठी ओढायच्या खडूतही असतात. मांजराच्या टोपलीभोवती असा खडू ओढून ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. मांजर त्या रेषेवरून चालते आणि नंतर पंजे चाटते. कुत्र्यांच्या गोचिडींसाठी वापरले जाणारे अमिट्राझही मांजराला चालत नाही. कुत्र्याला पर्मेथ्रिनचे थेंब घातले असतील आणि कुत्रा-मांजर एकमेकांना बिलगून झोपत असतील, तर निदान तीन दिवस त्यांना वेगळे ठेवावे.

वेष्टनावर "मांजरांसाठी" असे स्पष्ट लिहिलेले असेल, आणि आपल्या मांजराचे वजन व वय त्यावरच्या मर्यादेत बसत असेल, तेच औषध घ्यावे. फिप्रोनिल, सेलामेक्टिन, फ्ल्युरालनर अशी मांजरांना चालणारी औषधे आहेत, परंतु त्यांपैकी कोणते आणि किती, हे पशुवैद्याने ठरवावे. ससा पाळलेल्या घरात मांजराचे फिप्रोनिल उरले, तरी ते सशाला कधीही घालू नये, ते त्याला विषारी असते.

थेंब घालण्यातही चुका होतात. पाठीवर केसांच्या वरच औषध ओतले, तर अर्धे केसांवर वाळते आणि अर्धे मांजर चाटते. मानेच्या मागे, डोक्याच्या अगदी खाली, जिथे जीभ पोहोचत नाही, तिथले केस दोन बोटांनी बाजूला करावेत आणि पांढरी कातडी दिसू लागली की नळीचे टोक तिला टेकवून ती पिळावी. त्याआधी आणि त्यानंतर दोन दिवस मांजराला आंघोळ घालू नये.

घरगुती उपायांवर विसंबणे

कापूर घातलेले खोबरेल तेल, कडुनिंबाचे तेल, टी ट्री तेल, फिनेलचे पाणी, डांबरगोळ्या, रॉकेलचा बोळा हे उपाय सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. मात्र मांजर दिवसाचा मोठा भाग स्वतःला चाटण्यात घालवते, त्यामुळे त्याच्या अंगाला जे लावले ते त्याच्या पोटात जाणार, हे गृहीतच धरावे. कापूर, फिनेल, टी ट्री तेल, डांबरगोळ्यांतले नॅप्थलीन आणि रॉकेल ही सगळी मांजराला विषबाधा करणारी आहेत. कडुनिंबाच्या तेलानेही लाळ गळणे, थरथरणे असा त्रास होऊ शकतो. लसणीच्या वासाने पिसवा पळतात म्हणून जेवणात लसूण घालणे तर अजिबात नको, कारण लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

घरगुती साधनांपैकी एकच मला विश्वासाचे वाटते, आणि ते म्हणजे उवा काढायची बारीक दातांची फणी. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवून रोज मानेपासून शेपटीपर्यंत फणी फिरवावी आणि प्रत्येक फेरीनंतर ती वाटीत बुडवावी. साध्या पाण्यावर पिसू तरंगून उडी मारते, साबणाच्या पाण्यात ती बुडते. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना बहुतेक औषधे चालत नाहीत, त्यांच्यासाठी ही फणीच मुख्य उपाय आहे. माळ्यावर किंवा लाकडांच्या खोपीत जन्मलेल्या पिल्लांना कधीकधी इतक्या पिसवा असतात, की त्या रक्त पिऊन पिल्लू मारतात. पिल्लाची हिरडी वर करून पाहावी. ती गुलाबी नसून पांढुरकी दिसली, तर उद्यापर्यंत थांबू नये.

"दिसत नाहीत, म्हणजे नाहीत"

मांजर पिसवा चाटून गिळते, त्यामुळे अंगावर एकही पिसू न दिसता घर पिसवांनी भरलेले असू शकते. शेपटीच्या बुडाशी केस विरळ होणे, मानेभोवती हाताला बारीक खपल्या लागणे, ही पिसवांच्या लाळेच्या ॲलर्जीची लक्षणे असतात आणि त्यासाठी मोजक्या पिसवाही पुरतात. खात्री करायची असेल, तर मांजराला पांढऱ्या कागदावर उभे करून पाठीवरून फणी फिरवावी. खाली मिरपुडीसारखे काळे कण पडले, तर त्यांवर ओला कापूस टेकवावा. माती असेल तर कण काळेच राहतील, पिसवांची विष्ठा असेल तर कापसावर तांबूस तपकिरी डाग पसरेल. गुदद्वाराजवळ किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते पिसू गिळल्यामुळे झालेल्या पट्टकृमीचे असतात, आणि त्यासाठी जंताचे औषधही द्यावे लागते. पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मांजरालाही पिसवा होतात, कारण त्या आपल्या पायजम्यावर बसून वर येऊ शकतात.

घर साफ करताना

नुसता केर काढल्याने भेगांतले काही निघत नाही. व्हॅक्यूम क्लीनर असेल, तर तो खाटेखाली, सोफ्याच्या फटींत, भिंतीच्या कडेने फिरवावा आणि त्यातला केर लगेच घराबाहेर टाकावा. त्याच्या हादऱ्याने कोश फुटतात, हा फायदाच आहे. मांजराची अंथरुणे दर आठवड्याला कढत, साधारण ६० अंशांच्या, पाण्यात धुवावीत. ऊन असेल तेव्हा कडक उन्हात वाळवावीत, आणि पावसाच्या दिवसांत उन्हाची वाट पाहत ओली टांगून ठेवण्याऐवजी गरम इस्त्री फिरवावी. त्रास फारच असेल, तर अंड्यांची व अळ्यांची वाढ रोखणारे पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन असलेले फवारे मिळतात. फवारल्यावर जमीन पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्या खोलीत येऊ देऊ नये. अनेक फवाऱ्यांत पर्मेथ्रिनही असते, म्हणून येथेही वेष्टन वाचावे, आणि माशांची टाकी असेल तर ती आधी झाकून तिचा हवेचा पंप बंद करावा.

गोचिडींच्या बाबतीत

स्वतःला चाटण्याच्या सवयीमुळे मांजराला गोचिडी कुत्र्यापेक्षा कमी होतात. त्या सापडतात त्या कान, हनुवटी, मान आणि बोटांच्या बेचक्यांत. घाईघाईने पोटावरचे स्तनाग्रच गोचीड समजून ओढल्याने मांजराला जखम होते, आणि बोक्यालाही स्तनाग्रे असतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बॅटरीच्या उजेडात पाहावे. गोचिडीला कातडीलगत पाय दिसतात.

पेटती काडी, तेल, रॉकेल किंवा चुना लावून गोचीड सोडवू नये, कारण डिवचलेली गोचीड आपल्या पोटातले जखमेत ओकते आणि तिच्यात रोगजंतू असतील तर ते मांजराच्या रक्तात जातात. टोकदार चिमट्याने तिला शक्य तितके कातडीजवळ धरावे, पिरगाळू नये, सावकाश सरळ वर ओढावे आणि जखम जंतुनाशकाने पुसावी. काढलेली गोचीड नखांनी चिरडू नये, स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड अंडी घालायला जनावर सोडून भिंतीवर चढते आणि गिलावा नसलेल्या चिऱ्यांच्या सांध्यांत हजारो अंडी घालते, त्यामुळे गोठ्याच्या आणि मागच्या पडवीच्या भिंतींचे सांधे सिमेंटने बुजवणे हा औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

रानालगत राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप सत्तरी तालुक्यात २०१५ पासून आढळला आहे, आणि तो रानातल्या गोचिडींच्या चाव्याने माणसांना होतो. मांजर हा रोग पसरवते, असे कोणी समजू नये. तरीही काजूच्या हंगामात बागायतीत हिंडून आलेल्या मांजराला मांडीवर घेण्याआधी तपासावे, गोचीड काढताना हातमोजे घालावेत आणि ती काढल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पुढच्या दोन आठवड्यांत घरातल्या कोणाला अचानक जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली, तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ती तारीख सांगावी.